माइनक्राफ्टचं रेडस्टोन: आठ महिने वायरिंग करून झाल्यावर

आधी सांगतो, मी गेमर नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो, 17 वर्षं झाली. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच), रिले, टायमर, फेरूल (तारेच्या टोकावरची नंबराची नळी) हेच माझं जग. मे महिन्यात सिन्नरहून बहिणीचा मुलगा सुट्टीला आला आणि दिवसभर मोबाईलवर माइनक्राफ्ट या गेममध्ये ठोकळे रचत बसला. एकदा त्याने खटका दाबला आणि दगडाची भिंत सरकून दार उघडलं. म्हटलं, "अरे, हे कशावर चाललंय?" तर म्हणाला, "मामा, वायरिंग केलंय." मग काय, माझ्या लॅपटॉपवर त्या गेमची जावा आवृत्ती घेतली. भाचा जूनमध्ये शाळेला परत गेला, मी अजून खेळतोय. हा अनुभव फक्त रेडस्टोनचा आहे. घरं कशी बांधायची, ड्रॅगन कसा मारायचा ते मला विचारू नका.

रेडस्टोन म्हणजे जमिनीखाली खोलवर सापडणारं लाल खनिज. लोखंडी कुदळ लागते, दगडी कुदळीने फोडलंत तर हाती काही येत नाही. एका ठोकळ्यातून 4-5 चिमटी भुकटी निघते. ती जमिनीवर ओतत गेलं की तार झाली. सिग्नलची ताकद सुरुवातीला 15, दर घराला (म्हणजे एका ठोकळ्याएवढ्या जागेला) एकने कमी, म्हणजे 15 घरांनंतर संपली. व्होल्टेज ड्रॉप समजा, फक्त फारच कडक. पुढे न्यायचं तर मध्ये रिपीटर, म्हणजे सिग्नल ताजा करून पुढे सोडणारा भाग, लावायचा.

पहिला आठवडा ज्याने खाल्ला ती गोष्ट म्हणजे ही तार उघडी आहे. इन्शुलेशन नाहीच. दोन सर्किटच्या रेषा शेजारून नेल्या की त्या आपोआप एकमेकींना चिकटतात. दिव्याचं बटण दाबलं की दार उघडायचं आणि दार उघडलं की दिवा लागायचा. कामावर पोरांना मी याच चुकीसाठी झापतो आणि घरी तीच स्वतः केली. शेवटी प्रत्येक सर्किटखाली वेगळ्या रंगाची लोकर अंथरायला लागलो. लाल पट्टी दाराची, निळी पाण्याची, पिवळी दिव्यांची. फेरूल नाहीत तर निदान रंग तरी. नवीन माणसाने पहिल्या दिवसापासून हे करावं, नंतर शोधत बसायला लागत नाही.

रेडस्टोनची मशाल मात्र पाहताक्षणी आवडली. भुकटीची एक चिमूट आणि एक काडी, झाली तयार. ज्या ठोकळ्याला लावली त्याला सिग्नल मिळाला की ती विझते. म्हणजे सरळसरळ एनसी कॉन्टॅक्ट, एरवी जोडलेला आणि सिग्नल आला की तुटणारा! दोन मशाली एकमेकींना विझवतील अशा जोडल्या की होल्डिंग मिळतं, म्हणजे बटण सोडलं तरी चालू ते चालूच राहतं. एक बटण स्टार्ट, दुसरं स्टॉप, मोटर स्टार्टरमध्ये असतं तसं. हे मला कुणी शिकवलं नाही, रात्री साडेअकराला आपोआप सुचलं आणि बायकोला उठवून दाखवलं. तिने "छान" म्हणून कूस बदलली. मशालीची एक खोड आहे. तिला फार भरभर चालू-बंद केलं, 3 सेकंदांत आठाच्या वर वेळा, की ती जळून विझते आणि थोडा वेळ गप्प बसते. कडकड करणाऱ्या कॉन्टॅक्टरचंही शेवटी तेच होतं, म्हणून मला यात गैर वाटलं नाही.

वस्तू बनवण्याबद्दल मात्र तक्रार आहे. रिपीटरला 3 स्टोन, 2 मशाली आणि 1 चिमूट. हा स्टोन म्हणजे खणून मिळणारा कॉबलस्टोन नाही, तो भट्टीत भाजावा लागतो. ठोकळे ढकलणाऱ्या पिस्टनला मात्र कॉबलस्टोनच चालतो. असं का, याला उत्तर नाही. कम्पॅरेटरसाठी (पेटीत काही आहे का ते सांगणारा भाग) 3 स्टोन, 3 मशाली आणि एक क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ नेदर नावाच्या नरकात. तिथे मी दोनदा लाव्हात पडलो, दुसऱ्यांदा खिशात 40 क्वार्ट्झ होते. सगळे जळाले. डिस्पेन्सरला 7 कॉबलस्टोन, एक चिमूट आणि एक धनुष्य लागतं. पाणी सोडायच्या यंत्राला धनुष्य! मी शहाणपणा करून बिनधनुष्याचा स्वस्त ड्रॉपर लावला, तर त्याने पाणी न सोडता आख्खी बादलीच बाहेर फेकली.

आता शेताची गोष्ट, कारण हे काय प्रकरण आहे ते तिथेच कळतं.

गव्हाचं शेत केलं. नाशिककराला इथे ना द्राक्ष मिळतं ना कांदा, गहू, गाजर, बटाटे यावर समाधान मानायचं. पीक तयार झालं की डिस्पेन्सरमधल्या बादलीतून पाणी सोडायचं. पाणी पीक उखडून वाहून नेतं आणि टोकाला ठेवलेली हॉपर नावाची नरसाळी ते गोळा करतात. डिस्पेन्सरला एक झटका दिला की पाणी बाहेर, दुसरा दिला की पाणी परत बादलीत. दोन्हींत 10 सेकंदांचं अंतर हवं होतं. पॅनेलमध्ये मी टायमरची चकती फिरवली असती. इथे सिग्नल उशिरा सोडायचं कामही रिपीटरच करतो, आणि त्याची जास्तीत जास्त देरी 0.4 सेकंद. म्हणजे 10 सेकंदांना 25 रिपीटर, आणि मशालींतली धरून 75 चिमटी. ते लावलेही. अंगणभर सापासारखी रांग गेली.

मग हॉपरचा दुसरा उपयोग कळला. हॉपर म्हणजे 5 लोखंडी विटा आणि एक पेटी यांचं नरसाळं, त्यातून दर 0.4 सेकंदाला एक वस्तू खाली जाते. म्हणजे त्यात 25 बटाटे टाकले तर रिकामा व्हायला तेवढीच 10 सेकंदं. बाजूला कम्पॅरेटर लावायचा, आत काही आहे तोवर तो सिग्नल देतो. 25 रिपीटरचं काम 25 बटाट्यांनी केलं. कम्पॅरेटरपुढच्या तारेकडे ऑब्झर्व्हर रोखला. हा ठोकळा समोर काही बदललं की एक झटका देतो. बटाटे टाकले, सिग्नल आला, झटका, पाणी सुटलं. मी खूश.

सव्वा सेकंदात पाणी परत गेलं. आणि 10 सेकंदांनी पुन्हा सुटलं ते सुटलंच. ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढतं तसं माझं शेत पाण्याखाली. एक झटका जास्तीचा येत होता, तो कुठून येतोय हे शोधायला दोन रात्री गेल्या. इथे टेस्टर नाही, मल्टिमीटर नाही. रेडस्टोनचे दिवे बनवून टेस्ट लॅम्पसारखे जागोजागी लावले आणि बघत बसलो.

कारण असं निघालं. कम्पॅरेटर नुसतं आहे किंवा नाही एवढं सांगत नाही, किती भरलंय ते सांगतो. हॉपरमध्ये 5 कप्पे, प्रत्येकात 64, एकूण 320 जागा. 25 बटाट्यांना ताकद 2 येते. तिसरा बटाटा खाली गेला, 22 उरले, की ताकद 1 होते. ऑब्झर्व्हरला तो बदलही दिसतो आणि तो इमानदारीने झटका देतो. चूक कुणाचीच नाही. प्रत्येक जण आपलं काम चोख करत होता आणि शेत बुडत होतं. मग मी तार दिव्याला नेली आणि ऑब्झर्व्हर दिव्याकडे रोखला. दिव्याला 2 काय नि 1 काय, तो लागलेला असतो नाहीतर विझलेला. शेत सुरळीत झालं.

मला हे एवढं धरून का बसलंय ते यातच आहे. प्रत्येक भाग गरीब आहे, धड एकच काम करतो, आणि त्याची एक खोड असते. ती पुस्तकात वाचून कळत नाही, पाण्यात बुडून कळते.

माल वेगळा करायचं यंत्रही याच हिशेबावर चालतं. कांद्याच्या चाळीत गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढायला माणसं बसतात, इथे हॉपर बसतात. हॉपरच्या पहिल्या कप्प्यात 41 गहू आणि उरलेल्या चार कप्प्यांत कुठलीतरी भर, एकेक नग. एकूण 45, ताकद 2. वरून आणखी एक गहू आला, एकूण 46 झाले, की ताकद 3 होते, आणि तारेची लांबी अशी ठेवायची की 2 चा सिग्नल पोचत नाही, 3 चा पोचतो. मग खालच्या हॉपरचं कुलूप उघडतं, एक गहू पेटीत जातो, पुन्हा 45. इतकं देखणं सर्किट मी कामावरही फार पाहिलेलं नाही. फक्त मी भर म्हणून माती टाकली आणि खाणीतला माल त्याच लायनीत ओतला. खाणीत मातीच माती. गाळणीला मातीही आपलीच वाटली, एक माती आत, एक गहू बाहेर. गहू संपल्यावर पहिला कप्पा रिकामा झाला आणि जे येईल ते त्यात शिरलं. सकाळी गव्हाच्या पेटीत कोळसा होता. भर म्हणून ऐरणीवर नाव बदललेली वस्तूच वापरा, त्या नावाचं दुसरं काही येत नाही.

2024 मध्ये 1.21 आवृत्तीत क्राफ्टर आला, तो मला आवडतो. झटका दिला की वस्तू बनवून बाहेर टाकतो. 9 पैकी 6 घरं बंद करून तीन घरांत गहू सोडला की पाव. शेतापासून पावापर्यंत हात न लावता. फक्त मी फार लांब गेलो की तो भाग गोठतो. पेटी भरली असेल म्हणून तासाभराने परत यावं तर तेवढेच पाव, जितके जाताना होते.

आणि मोबाईल. भाच्याकडे मोबाईलवर बेडरॉक आवृत्ती आहे, माझ्याकडे जावा. दोन पिस्टन एकावर एक ठेवून वरच्याला सिग्नल दिला तर माझ्याकडे खालचाही चालतो. जावातली ही जुनी खोड आहे, बनवणाऱ्या मोजांगने ती तशीच राहू दिली आणि लोकांनी तिच्यावर यंत्रंच्या यंत्रं उभी केली. बेडरॉकमध्ये ती नाही. मी फोनवर अर्धा तास समजावलेलं दार भाच्याने बांधलं, तर वरचा दगड सरकला, खालचा ढिम्म. "मामा, तुला येत नाही," असं ऐकून घ्यावं लागलं. व्हिडिओ बघून करणाऱ्यांनी आधी तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघा, नाहीतर आठवडा वाया.

नाताळच्या सुट्टीत तो आला तेव्हा शेत दाखवलं. हॉपर, कम्पॅरेटर, तार, दिवा, ऑब्झर्व्हर, सगळं सांगितलं. 2 ची ताकद 1 कशी होते, दिवा का लावला, दोन रात्री कशा गेल्या. तो चिवडा खात ऐकत होता.

"मामा, मग 22 च बटाटे टाकायचे ना. पहिल्यापासूनच 1."

22 बटाटे म्हणजे 8.8 सेकंद. पिकाला पुरतात, मी मोजलं. दिवा अजून काढलेला नाही.