नाटकाची संहिता ई-बुकात: कॅलिबर की सिजिल?

फोंड्याच्या बाजूला जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या संहिता वर्डच्या फाइलींत पडून राहतात. त्यांची ई-बुकं व्हायलाच हवीत. फाइल युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या देवनागरीत) असेल, तर कॅलिबर हे सॉफ्टवेअर तिचं ईपब, म्हणजे ई-बुकाची फाइल, चटकन करून देतं. हेडिंग स्टाइल नीट लावल्या असतील, तर अनुक्रमणिकाही आपोआप तयार होते. कथासंग्रहाला एवढं पुरे.

नाटकाचं तसं नाही. पात्राचं नाव ठळक, रंगसूचना तिरकी, पदं आत सरकवलेली. सिजिल या ईपब संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्रांच्या नावांना एकच क्लास, म्हणजे मांडणीसाठीची एकच खूण, द्या. मग सीएसएसमधली (मांडणीचे नियम असतात त्या फाइलीतली) एक ओळ बदलली की सगळ्या अंकांतल्या नावांचं रूप बदलतं. कॅलिबरच्या एडिटरमध्येही हे जमतं, पण माझ्या हाताला सिजिलच बसलंय. दोन्ही मोफत आहेत. देवनागरी फाँट मात्र एम्बेड कराच, म्हणजे ई-बुकाच्या फाइलीतच घाला; वाचकाच्या उपकरणात तो नसेल, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात.