कोटेशन मागणारं प्रत्येक गिऱ्हाईक गिऱ्हाईक नसतं

फसवणूक म्हटलं की आपल्यासमोर पैसे बुडवणारा माणूस उभा राहतो. काम करून घेतलं, फोटो नेले आणि मग फोन उचलणं बंद. माझ्या बाबतीत काम झालंच नाही. कॅमेरा पिशवीतून बाहेरही निघाला नाही, तरी समोरच्याने माझे फोटो, माझी आखणी आणि माझे दर असं तिन्ही नेलं, तेही अतिशय गोड बोलून. कोटेशन फोटोग्राफरला द्यावं लागतं तसं चित्रकाराला आणि डिझायनरलाही द्यावं लागतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

हा गृहस्थ स्वतःला ब्रँड सल्लागार म्हणवत होता. हॉटेलांच्या एका साखळीसाठी खोल्या, लॉबी, स्वयंपाकघर, कर्मचारी असं सगळं नव्याने टिपायचं आहे, असा त्याचा मेल आला. मेल नेटका होता. माझ्या जुन्या कामातला एक फोटो नेमका हेरून त्यातल्या खिडकीच्या उजेडाचं कौतुकही केलं होतं. (कौतुकाचा हा परिच्छेद सगळ्यांना जातो, त्यात फक्त फोटो बदलतो, हे मला फार उशिरा कळलं.) फोनवर बोलणं झालं तेव्हा माणूस कामातला वाटला. बजेटचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बजेटचं टेन्शन घेऊ नका. आधी तुमचं व्हिजन येऊ दे. मॅनेजमेंटला क्वालिटी हवीये."

गिऱ्हाईक बजेट सांगत नाही यात मला काही वावगं वाटत नाही. आकडा कळला की आपण तेवढाच लावू, ही भीती त्याला असते आणि ती अगदीच खोटी नाही. पण फोटो किती हवेत, कुठे वापरायचे, किती वर्षं वापरायचे, एवढं तरी खरं गिऱ्हाईक सांगतं, कारण त्यालाही ते ठरवावंच लागतं. या माणसाकडे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडून मात्र सगळं बारीकसारीक हवं होतं.

मागण्या एकदम आल्या नाहीत. पहिल्यांदा पोर्टफोलिओ. मी वेबसाइटची लिंक दिली, तर ती चालेना. "डायरेक्टरसाहेब वयस्कर आहेत, त्यांना कागदावर बघायची सवय आहे. प्रिंट क्वालिटीची पीडीएफ पाठवा, ए४ साइझमध्ये." मग ट्रीटमेंट. जाहिरातीच्या कामात शूटच्या आधी ट्रीटमेंट लिहून देण्याची रीत आहेच: मूडबोर्ड (हवा तो भाव दाखवणाऱ्या नमुना-चित्रांचा तक्ता), शॉट लिस्ट, कोणत्या जागी कोणत्या वेळी उजेड कसा मिळेल, माणसं कुठे उभी राहतील. त्यासाठी मी एका हॉटेलात जाऊन रेकी, म्हणजे जागेची पाहणी, करून आले. शेवटी दर, आणि तेही एकरकमी नकोत, फोडून हवेत: दिवसाचा शूटिंगचा दर, असिस्टंट, लाइटचं भाडं, स्टायलिस्ट, दर फोटोमागे रिटचिंग (फोटो काढल्यावरची साफसफाई), वापराचे हक्क वेगळे.

एकेक मागणी सुटी पाहिली तर हरकत घ्यावी असं काहीच नाही. चांगली गिऱ्हाइकंही हेच मागतात. कसब होतं ते क्रमात. प्रत्येक वस्तू हाती पडली की काम जवळजवळ ठरल्याचा इशारा यायचा, "फायनलला तुम्ही आणि अजून एक जण आहात," आणि त्या इशाऱ्यामागोमाग पुढची मागणी. शेवटचा दरतक्ता पोचला आणि प्रोजेक्ट होल्डवर गेला.

प्रिंट क्वालिटीच्या पीडीएफबद्दल थोडं तांत्रिक सांगायला हवं, कारण फसवणुकीचं खरं यंत्र तेच आहे. ए४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. पानभर लावलेला फोटो साधारण तेवढ्याच आकारात पीडीएफच्या पोटात बसतो आणि मोफत मिळणाऱ्या साधनांनी तिथून जसाच्या तसा बाहेर काढता येतो. वॉटरमार्क पीडीएफ तयार करताना वरून ठेवला असेल तर तो तिथेच राहतो आणि फोटो खालून स्वच्छ निघतो. छापण्यावर किंवा बदल करण्यावर घातलेली बंदी सॉफ्टवेअरने पाळली तरच पाळली जाते. पानावर आपण फोटोचा अर्धाच भाग दाखवलेला असला, तरी एक्स्पोर्टची सेटिंग पाहिली नाही तर लपवलेला भागही फाइलमध्ये जाऊ शकतो. एवढ्या पिक्सेलमध्ये माहितीपत्रक सहज छापून होतं. होर्डिंग लांबून बघायचं असतं, त्याची फाइल प्रत्यक्ष आकाराला दहा-वीस डीपीआयची असली तरी भागतं. त्यामुळे "एवढ्याशा फाइलचं ते काय करणार" हा आपल्या धंद्यातला लाडका समज निव्वळ भाबडा आहे.

पहिला फोन आला तो माझ्याच एका जुन्या गिऱ्हाइकाचा, आणि संतापलेला. त्यांच्या अतिथिगृहाची खोली दुसऱ्याच हॉटेलच्या माहितीपत्रकात छापून आली होती. हो, सल्लागाराने माझ्या पोर्टफोलिओतली दुसऱ्यांची दालनं उचलून या साखळीच्या खोल्या म्हणून खपवली होती. जुन्या गिऱ्हाइकाशी माझा करार असा होता की ते फोटो फक्त त्यांनीच वापरायचे. पोर्टफोलिओत दाखवायची मला मुभा होती, दुसऱ्याला विकायची नव्हती. म्हणजे त्यांच्या नजरेत त्या क्षणी चोर मी होते. पोर्टफोलिओतल्या फोटोंवर बहुतेक वेळा आधीच कुणाचा तरी हक्क असतो, तो फोटो बाहेर फुटला की पैसे जातातच आणि जुनं नातंही पणाला लागतं. मला सगळ्यात जास्त मनस्ताप याचाच झाला.

दुसरा फोन ओळखीच्या फोटोग्राफरचा. त्याला त्याच साखळीचं ब्रीफ, म्हणजे काय काम हवंय ते सांगणारा कागद, आलं होतं आणि वाचताना भाषा ओळखीची वाटली म्हणून त्याने मला पाठवलं. माझीच ट्रीटमेंट, फक्त नाव आणि लोगो काढलेला. शॉट लिस्ट त्याच क्रमाने. रेकीत खुणेसाठी मी खोल्यांना टोपणनावं दिली होती, "झोपाळू लॉबी", "चिडकी पिवळी खोली", तीसुद्धा तशीच. झोपाळू लॉबीचं ब्रीफ हॉटेलचं मॅनेजमेंट मंजूर करतं म्हणजे ते कुणीच वाचत नाही, एवढं मात्र त्यातून सिद्ध झालं. सोबत माझा फोडून दिलेला दरतक्ता होता, "बाजारभाव" अशा मथळ्याखाली, आणि पुढे सूचना: प्रत्येक ओळीत याच्या निम्म्यात बसवा.

दर फोडून का मागितले याचा उलगडा तिथे झाला. एकरकमी आकडा दुसऱ्याला दाखवून फारसं काही साधत नाही, कारण त्यात काय काय धरलंय ते कळत नाही. फोडलेल्या तक्त्यात मात्र प्रत्येक ओळीवर वेगळी घासाघीस करता येते. एकाकडे असिस्टंट फुकट, दुसऱ्याकडे रिटचिंग स्वस्त, तिसऱ्याने वापराचे हक्क तसेच सोडलेले. या सगळ्यांतून सर्वात कमी आकडे वेचून जो एक तक्ता तयार होतो, तो कुठल्याच जित्याजागत्या फोटोग्राफरचा नसतो, पण पुढच्या माणसाला तोच "मार्केट रेट" म्हणून दाखवला जातो.

वसुलीचं सांगायचं तर फोटोंच्या बाबतीत माझी बाजू भक्कम होती. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार सभासद देशांत कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची अट नाही. कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ रॉ फाइल्स, त्याच वेळचे न निवडलेले आगेमागचे फोटो आणि जुन्या गिऱ्हाइकाशी झालेला लेखी करार मी हॉटेल कंपनीपुढे ठेवला. हा करार महत्त्वाचा, कारण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक कोण, याचं उत्तर देशोदेशी वेगळं आहे. भारताचा १९५७ चा कायदा, उलट करार नसेल तर, अशा फोटोचा मालक काम देणाऱ्याला मानतो. अमेरिकेत स्वतंत्र फोटोग्राफरकडे हक्क राहतो, तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. माझ्या करारात हक्क माझ्याकडे असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. नसतं तर मला भांडायला उभंच राहता आलं नसतं.

हॉटेल कंपनीने आधी टोलवाटोलवी केली. मग कळलं की त्यांनी त्या फोटोंसाठी सल्लागाराला पैसे मोजले होते, "स्टॉक फोटो" (कुणालाही विकत मिळणारे तयार फोटो) अशा नावाच्या बिलावर. म्हणजे तेही फसले होते. त्यांनी माहितीपत्रक मागे घेतलं, वेबसाइटवरून फोटो काढले आणि छापलेल्या वापराची रक्कम दिली. ती जुन्या गिऱ्हाइकाची समजूत काढण्यातच गेली. ट्रीटमेंटचे पैसे मात्र मिळालेच नाहीत. १९९४ च्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या कलमात लिहिलंय की संरक्षण अभिव्यक्तीला आहे, कल्पनेला नाही. माझं लिखाण जसंच्या तसं छापलं तर ते माझं. पण सकाळी कुठला पडदा उघडायचा आणि कर्मचारी कुठे उभे करायचे हे त्यात वाचून दुसऱ्याने फोटो काढले, तर ते त्याचे. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा राग आला, पण नियम समजण्यासारखा आहे. उद्या खिडकीच्या उजेडावर कुणी मालकी सांगितली तर मलाही काम करता येणार नाही.

तेव्हापासून पाठवण्याच्या वस्तू मी दोन ढिगांत टाकते: कायदा ज्या राखतो त्या आणि राखत नाही त्या. फोटो पहिल्या ढिगातले. ते लांब बाजूला बाराशे पिक्सेल करून जातात, स्क्रीनवर बघायला पुरेसे असतात. वॉटरमार्क फोटोतच मुरवलेला असतो आणि त्यात माझ्या नावासोबत ज्याला पाठवले त्याचंही नाव असतं. आजकाल वॉटरमार्क पुसणं अवघड राहिलेलं नाही, पण नाव समोर दिसलं की फाइल पुढे ढकलताना माणूस बिचकतो. मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत जाणाऱ्या माहितीत, कर्त्याचं नाव आणि हक्काची ओळ भरते, जरी बऱ्याच ठिकाणी अपलोड करताना ती गळून पडते. कागदावरच बघायचं असेल तर छापील पोर्टफोलिओ घेऊन मी स्वतः जाते आणि परत आणते.

ट्रीटमेंट दुसऱ्या ढिगातली. पहिल्या भेटीत ती तोंडी सांगते, तीही वरवर. रेकी आणि लेखी आखणी हवी असेल तर त्याचे वेगळे पैसे, काम मिळालं तर बिलातून वजा. यावर कुरकुर करणारे बरेच असतात, पण ज्यांना खरंच काम करायचं असतं ते देतात असा माझा अनुभव आहे. दर एकरकमी देते, त्याखाली फोटो किती, वापर कुठे, कोणत्या प्रदेशात, किती काळ आणि कोटेशन कधीपर्यंत लागू हे लिहिते. वापराचा परवाना पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच सुरू होतो, ही ओळ कधी गाळत नाही. आकडा जास्त वाटला तर फोटो कमी करू, मुदत कमी करू, पण तेवढ्याच कामाचा दर खाली आणत नाही. फोडलेला तक्ता काम पक्कं झाल्यावर मिळतो.

तो सल्लागार अजून फिरतो आहे. नाव बदललं असेल, कंपनीही. मेल मात्र ओळखता येतो: एका फोटोचं नेमकं कौतुक, गिऱ्हाइकाचं नाव "कॉन्फिडेन्शियल", वापराबद्दल चकार शब्द नाही, आणि दुसऱ्याच मेलमध्ये कागदावर बघणारे वयस्कर डायरेक्टर. अशा वेळी एकच उत्तर पाठवून बघा: "वापर कुठे आणि किती काळ ते कळवा, मग कोटेशन देते. पोर्टफोलिओ साहेबांना प्रत्यक्ष दाखवायला मी येईन." माझ्या ओळखीच्या तिघांनी हे पाठवलं. एकालाही पुढचा मेल आला नाही.