वर्ष आणि महिना: एकाच डायमेन्शनमध्ये की वेगवेगळे?

क्यूब म्हणजे विक्री-बजेटचे आकडे अनेक बाजूंनी कापून बघता येतील अशी रचना, आणि त्यातली प्रत्येक बाजू म्हणजे डायमेन्शन. तो बांधताना माल, शाखा, ग्राहक यांवर फारसा वाद होत नाही. गाडी अडते ती वेळेवर. रस्ते दोन. एक, सगळा काळ एकाच झाडात: वर्ष, त्याखाली तिमाही, महिना, हवा तर दिवस. दुसरा, वर्षं एका डायमेन्शनमध्ये आणि एप्रिल ते मार्च असे बारा महिने दुसऱ्यात.

बजेटचं काम असेल तर मी डोळे झाकून दुसरा घेतो. उभे महिने, आडवी वर्षं, की मागच्या वर्षीशी तुलना समोर हजर. नवं वर्ष लागलं की एकच मेंबर, म्हणजे डायमेन्शनमधली एक नोंद, वाढवायचा. झाडात त्यासाठी वर्ष, चार तिमाह्या, बारा महिने असे 17 लागतात. हायपेरियन प्लॅनिंग या बजेटच्या सॉफ्टवेअरमध्ये तर वर्ष आणि पिरियड (महिने) मुळातच वेगळे आहेत.

याची खोड कळते मार्च संपल्यावर. एप्रिलचा ओपनिंग स्टॉक म्हणजे मार्चचा क्लोजिंग, पण महिन्यांच्या यादीत एप्रिलच्या आधी कुणीच नाही. मग 'एप्रिल असेल तर वर्षही एक मागे घे' हे शेपूट फॉर्म्युल्याला लावायचं. 'गेले बारा महिने' काढायला सांगितले की अशी शेपटं वाढतच जातात. झाडात मात्र मागचा मेंबर घेतला की झालं. तिथे मागच्या वर्षीचा तोच महिना हवा असेल तर एमडीएक्स या क्यूबच्या क्वेरी भाषेत 'पॅरलल पिरियड' हे फंक्शन वापरायचं, एवढाच त्रास.

आणि दिवसापर्यंत उतरायचं असेल तर दुसरा रस्ता विसराच. 29 फेब्रुवारीची जागा बहुतेक वर्षी रिकामी, आणि आठवडे तर ना महिन्यात मावतात ना वर्षात.

मशीद बंदरच्या एका सजावटीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे मी दोन डायमेन्शनचा, महिन्यापर्यंतचाच क्यूब दिला होता. 2025 चा ऑगस्ट बघून शेठ खूश, सप्टेंबर उघडला तर कपाळाला हात. धंदा होता तिथेच होता. 2024 मध्ये गणपती 7 सप्टेंबरला बसले, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. गिऱ्हाईक तेवढंच, फक्त एक महिना आधी आलेलं. 2023 मध्ये तर अधिक श्रावणामुळे चतुर्थी 19 सप्टेंबरवर गेली होती. चूक माझीच होती. झाडात प्रत्येक तारखेला 'चतुर्थीपासून किती दिवस' हा गुण चिकटवता येतो: उणे 10 म्हणजे दहा दिवस आधी. मग उणे 10 ची तुलना उणे 10 शी होते, कॅलेंडर काहीही म्हणो. मुंबईतला किरकोळ किंवा घाऊक माल असेल तर माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही झाड निवडावं.

जाता जाता: महिन्यांना क्रमांक दोन्हीकडे द्याच. अकारविल्हे लावले तर पहिला एप्रिलच येतो, त्यामुळे सगळं बरोबर वाटतं. खाली नजर गेली की ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी.

बजेट आणि रोजची विक्री दोन्ही हवी असतील तर एकाच क्यूबमध्ये कोंबू नका. विक्रीचा क्यूब झाडाचा, बजेटचा दोन डायमेन्शनचा. रात्री दिवसांची महिन्यात बेरीज करून इकडून तिकडे टाकायची. फक्त स्टॉकला बेरीज लावू नका, तिथे महिनाअखेरचा आकडा न्यायचा.