स्क्रॅपबुकच्या शीर्षकासाठी फॉन्ट : यात्रा वन की बालू २?

स्क्रॅपबुकच्या पानावर छायाचित्रे कशी मांडावीत, कोणता कागद कोणत्या रंगाशी जातो, यावर हौशी मंडळी तासन्‌तास बोलतात; शीर्षकाच्या अक्षराचा विचार मात्र पान जवळजवळ पुरे झाल्यावर होतो, आणि मग संगणकात जो फॉन्ट समोर असेल त्यावरच भागवले जाते. मीही बराच काळ तसेच करीत होतो. सोलापुरातील आमच्या घरी आजवर कुटुंबाची सात स्क्रॅपबुके झाली, आणि त्यांतली पहिली तीन आज उघडली की शीर्षकांपाशी नजर अडखळते. त्यामुळे जे आता या निवडीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांच्यासाठी मी वापरून पाहिलेल्या फॉन्टांची ही तुलना लिहीत आहे. हे सगळे युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि बहुतेकांना ते कसे उतरवून घ्यायचे हे ठाऊक असते, म्हणून त्यात वेळ घालवीत नाही.

माझी पद्धत आधी सांगितली पाहिजे, कारण निवडीचा बराचसा भाग तिच्यावर अवलंबून आहे. माझी पाने १२ बाय १२ इंचांची असतात आणि घरचा प्रिंटर ए-४ पेक्षा मोठा कागद घेत नाही; त्यामुळे शीर्षक पानावर थेट छापता येत नाही. ते मी रंगीत कार्डशीटच्या मागच्या बाजूला आरशातल्यासारखे उलटे छापतो, कटरने कापतो आणि मग पानावर चिकटवतो. उलटे छापल्यामुळे पुढच्या बाजूला शाईची कडा दिसत नाही. या कामात देवनागरीची एक मोठी सोय आहे, जी इंग्रजी शीर्षके कापणाऱ्यांना मिळत नाही : शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकाच तुकड्यात हाती येतो. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द नीट कापला तर तो तोरणासारखा एका काठीला लोंबतो, उचलून हवा तिथे ठेवता येतो, ओळ वाकडी होत नाही. ज्यांना शीर्षक थेट छापायचे आहे त्यांना पुढचे काही मुद्दे कमी महत्त्वाचे वाटतील, हे मान्य आहे.

कापायचे ठरले की काही फॉन्ट आपोआप बाजूला पडतात. रोझा वन हा दिसायला अत्यंत राजस आहे. जाड दांड्यांशेजारी केसाएवढ्या बारीक रेघा असा त्याचा थाट. छापील पत्रिकेवर तो शोभून दिसतो, पण कार्डशीटमध्ये त्या बारीक रेघा कटरखाली टिकत नाहीत. मोदक हा ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट त्याच्या अगदी उलट टोकाचा : इतका गुबगुबीत की अक्षरांच्या पोटातली पोकळी केवळ एका फटीएवढी उरते. लहान मुलांच्या वाढदिवसाच्या पानावर त्याच्याइतका गोड फॉन्ट मी पाहिलेला नाही आणि छपाईसाठी मी तो आजही आनंदाने घेतो. मात्र त्या फटी हाताने कोरणे माझ्याच्याने झाले नाही. कलम हा हस्ताक्षराच्या वळणाचा फॉन्ट फोटोखालच्या ओळींसाठी मला फार आवडतो. शीर्षक म्हणून त्याचा आवाज थोडा लहान पडतो.

टिरो देवनागरी मराठी याचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. त्यात मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मुळातच येतात, त्यांच्यासाठी काही वेगळे करावे लागत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ज्या वळणांचा आग्रह धरला, तीच ही वळणे. ज्याच्या गावाच्या नावातच ‘ल’ आहे त्याला ही बाब लहान वाटू नये. इतर अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असली, तरी मराठी वळण बाहेर येणे हे आपण ज्या सॉफ्टवेअरमध्ये टंकन करतो त्याच्या मर्जीवर राहते. म्हणून कोणताही फॉन्ट पक्का करण्यापूर्वी ‘सोलापूरच्या दुसऱ्या शाळेतील सिद्धेश्वर यात्रा’ अशी एक निरर्थक ओळ मी लिहून पाहतो. त्यात ल, श, ‘ऱ्या’ची पापणी, ‘द्ध’ आणि ‘श्व’ एकदमच तपासले जातात. टिरो या परीक्षेत उत्तम उतरतो. पण त्याचा स्वभाव ग्रंथाच्या पानाचा आहे. आजीच्या स्मृतीचे एक पान मी त्यात केले आणि ते तिथे शोभले. हुरडा पार्टीच्या पानावर तो फार गंभीर वाटला.

उरले दोन, आणि खरी ओढाताण त्यांच्यातच आहे.

यात्रा वन हा मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडलेला फॉन्ट आहे. सपाट कुंचल्याचा फटकारा त्यात स्पष्ट दिसतो, आणि ज्यांचे बालपण रंगवलेल्या पाट्या वाचत गेले त्यांना तो पाहताक्षणी आपला वाटतो. सिद्धेश्वराच्या, म्हणजे आमच्याकडच्या गड्ड्याच्या, यात्रेचे पान मी पहिल्यांदा याच फॉन्टमध्ये केले. मकरसंक्रांतीचे नंदीध्वज, मागे सिद्धेश्वर तलाव, आणि वर केशरी कार्डशीटमधून कापलेले ‘गड्ड्यावरची संध्याकाळ’. ते पान आजही माझ्या सर्व पानांत देखणे आहे, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. केवळ सौंदर्यावर निवड करायची असती, तर हा लेख इथेच थांबला असता.

बालू २ हाही ‘एक टाइप’चाच. गोलसर टोके, भरीव अंग, मोकळी पोटे. प्रथमदर्शनी तो यात्रा वनएवढा भुरळ घालत नाही. थोडा घरगुती वाटतो. त्याची ताकद दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे तो साध्यापासून अतिठळकपर्यंत पाच जाडींत मिळतो, तर यात्रा वन एकाच जाडीत. दुसरी मला उशिरा उमगली आणि तिच्याकडे नंतर येतो. आधी ज्या त्रासामुळे माझा कौल फिरला, तो सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

तो त्रास म्हणजे अनुस्वार.

शिरोरेषा सर्व अक्षरांना धरून ठेवते. काना, मात्रा, वेलांट्या, रफार तिच्याशी जोडलेले असतात. अनुस्वार मात्र सुटा. शब्द कापून उचलला की तो एकटाच कटिंग मॅटवर राहतो, आणि ७२ पॉइंटमध्ये, म्हणजे साधारण एक इंचाच्या अक्षरात, यात्रा वनचा अनुस्वार माझ्या हाती आला तो मोहरीपेक्षा थोडाच मोठा. त्याला चिमट्याने उचलायचे, पाठीला गोंदाचा कण लावायचा आणि बरोबर जागी ठेवायचे. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे काम पंखा बंद करून होत नाही, आणि पंखा चालू ठेवून तर मुळीच होत नाही.

दोन वर्षांपूर्वी आजोबांना एक्क्याऐंशीवे लागले तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम घरीच केला. त्यासाठी वेगळे स्क्रॅपबुक केले आणि पहिल्या पानावर यात्रा वनमध्ये ‘आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन’ असे शीर्षक कापले. एका ओळीत दोन अनुस्वार. ‘चंद्र’वरचा नीट बसला. ‘आजोबांचे’वरचा कधी निसटला ते कळले नाही; कदाचित चिकटवताना, कदाचित पान बंद केल्यावर. कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तक हातोहात फिरले आणि माझ्या थोरल्या आत्यांनी पहिल्याच पानावर थांबून शांतपणे विचारले, “आजोबाचे? असे का रे लिहिलेस?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण आपल्या भाषेत तो एक ठिपका म्हणजे आदर आहे. तो असला की ‘आजोबांचे’, नसला की घरातल्या ज्येष्ठ माणसाचा उल्लेख एकेरीत होतो. आणि हे त्यांच्याच गौरवाच्या पानावर, त्यांच्या डोळ्यांदेखत झाले, याची बोच मला अजून आहे. उलटे छापलेले अक्षर कापताना आपण शब्द वाचत नसतो, केवळ आकार कापत असतो, त्यामुळे उणीव आधी लक्षात येत नाही.

त्यानंतर मी आमच्या सर्व शीर्षकांकडे या नजरेने पाहिले. ‘बाबांची पहिली स्कूटर’, ‘आत्यांच्या घरी’, ‘काकांचा माग’. ज्येष्ठांविषयीची जवळजवळ सगळी शीर्षके अनुस्वारावरच उभी आहेत. जे बोलीप्रमाणे ‘आमचं घर’ असे लिहितात, त्यांना तर आणखी एक ठिपका सांभाळावा लागतो.

उपाय म्हणून अनुस्वार मोठा हवा. यात्रा वनमध्ये त्यासाठी सबंध शीर्षकच मोठे करावे लागते, कारण जाडी बदलण्याची सोय नाही. मी ११० पॉइंट करून पाहिले, तर ओळ आडव्या ए-४ कागदाबाहेर गेली. बालू २ मध्ये अक्षराचा आकार तोच ठेवून फक्त जाडी वाढवली, की अनुस्वारही भरतो. अतिठळक जाडीत तो मला ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा मिळाला : बोटाने उचलता येतो, दाबून चिकटवता येतो. शिवाय तो गोल आहे, आणि इथे आमच्या घरातून एक युक्ती निघाली जी मला स्वतःला सुचली नसती. पत्नीने सुचवले की तो कापतच बसू नये. कार्यालयातल्या साध्या पंचिंग मशीनने त्याच रंगाच्या कार्डशीटला भोक पाडावे आणि खाली पडलेली गोल टिकली अनुस्वार म्हणून लावावी. ती किंचित मोठी असते, पण बालूच्या गुबगुबीत अक्षरांवर ती मूळचीच वाटते. यात्रा वनच्या कुंचल्याच्या फटकाऱ्यांवर मात्र तीच टिकली परकी दिसते. मी लावून पाहिली आणि काढून टाकली.

आता दुसरी गोष्ट. सोलापूर हे एका भाषेचे शहर नाही. पूर्व भागात तेलुगू घराघरांत आहे, कन्नड तर बाजारात पावलोपावली ऐकू येते, आणि कित्येक कुटुंबांत या तिन्ही भाषा एकाच ताटावर बसतात. आमच्या धाकट्या बहिणीचे सासर तेलुगू भाषक. त्यांच्या घरासाठी स्क्रॅपबुक करताना मराठी शीर्षकाखाली तेलुगू शीर्षक हवे होते, आणि यात्रा वनमध्ये तेलुगू लिपी नाही. बालूच्या कुळात ती आहे, तम्मुडू या नावाने. कन्नडसाठीच्या भावंडाचे नाव तम्मा. त्या त्या भाषेत दोन्ही शब्दांचा अर्थ धाकटा भाऊ. जाडी, गोलाई, रंगाचा भार सगळे जुळते, त्यामुळे दोन लिप्यांतली दोन शीर्षके एका हाताने लिहिल्यासारखी दिसतात. ज्यांच्या स्क्रॅपबुकमध्ये मराठीखेरीज दुसरी भाषा कधीच येणार नाही, त्यांनी हा मुद्दा सोडून द्यावा. सोलापुरात असे घर किती, हा विचार ज्याने त्याने करावा.

ज्यांना हाताने कापायचे नाही ते रेडियमवाल्याकडे प्लॉटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर, शीर्षक कापून घेतात. तिथे दोन्ही फॉन्टांना एकच काळजी लागू आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते, पण प्लॉटर प्रत्येक अक्षराची कडा वेगळी कापतो. मी एकदा न सांगता फाइल दिली आणि शब्दाऐवजी अक्षरांचे तुकडे पुडीत घेऊन परतलो. कोरलड्रॉमध्ये अक्षरे कर्व्हजमध्ये, म्हणजे केवळ आकारांत, बदलून ‘वेल्ड’ करून, म्हणजे एकसंध जोडून, घ्यावीत; इंकस्केप वापरत असाल तर ‘युनियन’. दुकानातले सॉफ्टवेअर जुने असेल तर टाइप केलेला मजकूर देऊच नये, वेलांट्या जागा सोडतात. घरीच कर्व्हज करून न्यावे. वेल्ड झाल्यावरही अनुस्वार सुटाच राहतो, हे लक्षात असू द्यावे. विनाइलमध्ये, म्हणजे चिकट रेडियममध्ये, मात्र कापलेली अक्षरे एकत्र उचलणाऱ्या ट्रान्सफर टेपमुळे तो जागेवरच राहतो, म्हणून प्लॉटरवर कापणाऱ्यांसाठी यात्रा वनविरुद्धचा माझा मुख्य आक्षेप बराच सौम्य होतो. त्यांनी तो अवश्य घ्यावा, विशेषतः प्रवास, जत्रा, बाजार अशा पानांसाठी.

छापणाऱ्यांनाही मी यात्रा वनपासून परावृत्त करणार नाही. हाताने कापणाऱ्यांना, आणि ज्यांच्या पुस्तकात वडीलधारी माणसे आहेत त्यांना, मी बालू २ अतिठळक जाडीत सुचवेन. माझ्या शेवटच्या चार पुस्तकांची शीर्षके त्यातच आहेत.

आजोबांचे ते पहिले पान मी नंतर पुन्हा केले. जुने शीर्षक काढताना खालचा कागद थोडा सोलला गेला, म्हणून तिथे सोलापुरी चादरीचा एक फिका पट्टा चिकटवला आणि त्यावर मरून रंगात तीच ओळ बालू २ मध्ये बसवली. अनुस्वारांच्या दोन टिकल्या सर्वांत आधी लावल्या, शब्द पानावर ठेवण्यापूर्वीच, पेन्सिलीने खूण करून. पुस्तक आत्यांकडे पाठवले तेव्हा त्यांचा फोन आला, आणि पुढची दहा मिनिटे त्या फक्त फोटोंविषयी बोलल्या.