‘हाथ ऊपर कीजिए’ : गुलमर्गला भाड्याची स्की घेताना अशी होते फसवणूक

गुलमर्गला पहिल्यांदाच स्कीइंग करायला गेलेल्या माणसाला काही दुकानदार कसे गुंडाळतात, ते नीट वाचा. स्की बर्फात उभी करतात, तुम्हाला शेजारी उभं करतात आणि म्हणतात, ‘हाथ ऊपर कीजिए.’ टोक मनगटाला टेकलं की झालं, ‘एकदम सही साइज!’ पैसे आधीच घेतलेले असतात. १६० सें.मी. उंचीच्या नवशिक्याच्या पायात १८५ सें.मी.ची स्की येते.

मनगटाचं हे माप एकेकाळी खरंच होतं, पण ते सरळसोट स्कीचं. १९९०च्या दशकात मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद अशा कार्व्हिंग स्की रुळल्या. त्या कमी लांबीतही छान वळतात. आज नवशिक्याच्या स्कीचं टोक हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यायला हवं. ऐन हंगामात १५० ते १६०चे चांगले जोड सकाळीच जातात आणि मग कोपऱ्यात पडलेले जुने लांब जोड त्याच भाड्यात गळ्यात मारले जातात.

मोजमापातही खोट असते. मऊ बर्फात शेपूट सहज दहा सें.मी. रुतते, म्हणजे स्की तेवढी आखूड दिसते. वर स्की बूट घातल्यावर तुमची उंची तीन-चार सें.मी. वाढलेली असते. म्हणून स्की फरशीवर उभी करा, पायात साधे मोजे ठेवा आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे स्कीवर छापलेला आकडा वाचा. आधुनिक स्कीवर सेंटिमीटरमधली लांबी छापलेली असते, बहुधा शेपटाकडे. शेजारी १२१-७४-१०३ असे तीन आकडे दिसतील, ती टोक, मध्य आणि शेपूट यांची मिलिमीटरमधली रुंदी. मधला आकडा चांगलाच कमी हवा. लांबीचा आकडा खरवडलेला असेल किंवा त्यावर स्टिकर चिकटवलेलं असेल, तर तो जोड घेऊच नका. दोन्ही स्कीवरचा आकडा एकच आहे ना, तेही बघा.

नुसती उंची पाहणंही पुरेसं नाही. स्कीला कळतं ते वजन. १७० सें.मी. उंचीचा ५५ किलोचा माणूस हनुवटीपाशी थांबेल, ९० किलोचा नाकापर्यंत जाईल. मुलांना छाती ते हनुवटीएवढीच द्या. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घ्यायला हा शाळेचा गणवेश नव्हे.

लांब स्कीवर नेमकं काय बिघडतं? नवशिक्या ब्रेक लावतो तो टोकं जवळ आणि शेपटं फाकवून. १८५ची शेपटं फाकत नाहीत, टोकं एकमेकांवर चढतात आणि माणूस आपटतो. वर ऐकावं लागतं, ‘आपसे नहीं हो रहा, एक दिन और गाइड लीजिए.’ दोष अवजाराचा, भुर्दंड तुम्हाला. दोन-तीन हळू उतारांतही टोकं सतत अडकत असतील, तर लगेच परत जाऊन आखूड जोड मागा.

सगळ्यात गंभीर गोष्ट बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना तो सोडणाऱ्या पकडीची. बुटाच्या टाचेजवळ बाजूला २९५, ३०५ असा बुटाच्या तळाच्या लांबीचा मिलिमीटरमधला आकडा असतो. बाइंडिंग त्याच मापाला सरकवलेलं हवं. बूट बदलला की ते पुन्हा लावायला लावा, ‘चलेगा’ ऐकून घेऊ नका. बाइंडिंगच्या खिडकीत दिसणारा डीआयएनचा आकडा, म्हणजे किती जोर पडला की बूट सुटेल याचं माप, वजन, उंची, वय, कौशल्य आणि तळाची लांबी यांवरून ठरतो. तो तुमच्यासमोर, तुमचं वजन विचारून लावला गेला पाहिजे. आधीच्या धडधाकट गिऱ्हाइकाचा आठ-नऊ तसाच राहिला, तर पडताना बूट सुटत नाही आणि पिळवटतो तो गुडघा.

पैसे देण्याआधी दोन्ही स्कीच्या तळाचे आणि लोखंडी कडांचे फोटो दुकानदारासमोर काढा. तळावरचा जुना खोल ओरखडा संध्याकाळी तुमच्या नावावर लिहिला जाऊ शकतो. अनामत म्हणून मूळ आधार कार्ड देऊ नका. रोख अनामत द्या आणि पावतीवर स्कीची लांबी लिहून घ्या.