आखाजी ते दिवाळी: केळीच्या बागेतला लोरा मोडेम

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी चोपडा तालुक्यातल्या आमच्या केळीत एसएक्स १२६२ या रेडिओ चिपचा लोरा बोर्ड बसवला. लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारा रेडिओ. काल वसुबारस झाली. काम एकच: ठिबकच्या मेन लाइनचा दाब दर १५ मिनिटांनी दीड किलोमीटरवरच्या घरी कळवायचा. शेतीची लाइट रात्रीची असली की आप्पा बॅटरी घेऊन पाणी आलं का बघायला बागेत निघतात. केळीत साप असतो, आमच्या पट्ट्यात बिबट्याही फिरतो. म्हणून हा खटाटोप.

आधी मोबाईलच्या नेटवर्कवर चालणारा जीएसएम मोडेम होता. तो पाठवताना क्षणभर २ ॲम्पिअरपर्यंत ओढतो, सेल जरा उतरला की रीसेट होतो. लोराला सिम नको, ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लायसन्सही नको.

पण पहिला २६०० एमएएचचा (मिलिॲम्प-तासांचा) सेल नवव्या दिवशी संपला, दुसराही तसाच. चिप झोपेत, म्हणजे दोन निरोपांच्या मधल्या वेळात, १ मायक्रोॲम्पच्या (मिलिॲम्पच्या हजाराव्या भागाच्या) आसपास घेते, मग जातं कुठं? मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला, तर झोपलेला बोर्ड ११ मिलिॲम्प खात होता! पॉवरचा एलईडी, यूएसबीची चिप आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा स्वस्तातला रेग्युलेटर, तिघंही रात्रंदिवस जागे. एलईडी आणि यूएसबीची चिप काढली, रेग्युलेटर बदलला. आकडा २० मायक्रोॲम्पवर आला. विकणाऱ्यानं चिपचा आकडा बोर्डाचा म्हणून छापला होता, याचा मला अजून राग आहे. घेण्याआधी अख्ख्या बोर्डाचा झोपेतला करंट विचाराच.

आषाढात नवा सेल टाकला. श्रावणात बाग दाटली आणि निरोप गळायला लागले. केळीचं पान म्हणजे पाणीच, ते सिग्नल पिऊन टाकतं. मी स्प्रेडिंग फॅक्टर १२ केला; हा आकडा वाढवला की निरोप सावकाश जातो, पण लांब पोचतो. निरोप पोचले, पण २० बाइटला १.३ सेकंद लागायचे आणि तेवढा वेळ ११८ मिलिॲम्प जायचे. दिवसाला ४ एमएएच नुसते बोलण्यात! कानबाईच्या सणानंतर १५ फुटी पाइपावर अँटेना पानांच्या वर नेली. आता फॅक्टर ९ पुरतो, निरोप ०.१९ सेकंदात जातो, खर्च ०.६ एमएएचवर आला. हे आधीच करायला हवं होतं.

सोलर पॅनेल मुद्दाम लावलं नाही. आमच्याकडं मे महिन्यात सावलीतच ४५ अंश होतात, बंद डब्यात त्याहून जास्त, आणि त्या तापात लिथियम-आयन सेल चार्ज करायचा नसतो.

आषाढात ४.१८ व्होल्ट असलेला तोच सेल काल ४.०५ होता. डब्याचं रबर मात्र कडक झालंय, ते या आठवड्यात बदलतो. आप्पा आता खाटेवरूनच विचारतात, "पानी उनं का रे?" (पाणी आलं का रे?) मी मोबाईल बघून दाब सांगतो आणि ते कूस बदलून झोपतात.