नटरंग की सैराट? अजय-अतुलचं कुठलं जास्त भारी

सध्या दोन्ही आलटून पालटून ऐकतोय, आणि माझं मत नटरंगकडेच झुकतंय. सैराट (२०१६) आवडत नाही असं अजिबात नाही हं. लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला त्यांनी, आणि तो पैसा कानाला कळतो, याड लागलं नीट हेडफोन लावून ऐका, अजयचा आवाज वर चढतो तसा मागून व्हायोलिनचा अख्खा ताफा उसळतो आणि अंगावर काटा येतो. चिन्मयी श्रीपादाने सैराट झालं जी काय सुंदर गायलंय! झिंगाटबद्दल वेगळं काय सांगू, वरात त्याच्याशिवाय निघत नाही.

पण गाणी चारच. नटरंग (२०१०) मध्ये लावणी आहे, गवळण आहे, आणि खेळ मांडलासारखं आतून पिळवटून काढणारं गाणंही आहे, म्हणजे अख्खा तमाशाचा फडच उभा राहतो आणि गुरू ठाकूरचे शब्द इतके त्या मातीतले की चाल आधी झाली की शब्द तेच कळत नाही. वाजले की बारा मध्ये बेला शेंडेच्या आवाजातला तो ठसका, आणि ढोलकी तिच्या प्रत्येक ओळीला जे उत्तर देते ना, ते मला शंभर व्हायोलिनपेक्षा जास्त आवडतं. अप्सरा आली तर मी रिपीटवरच ठेवतो.

नुसत्या साउंडसाठी ऐकायचं असेल तर सैराट लावा, गाण्यांसाठी नटरंग. तुमचं काय?